बॅकअप घ्यायचा तर परतीचा रस्ता आधी तपासा

मुलगा किंवा मुलगी पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात. जाताना घरचा कॉम्प्युटर नीट लावून दिलेला, अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडे आणि आईबाबांसाठी एक साधं खातं. या खात्यातून बँकेचं काम होतं, सोसायटीचे हिशेब होतात, नातवंडांचे फोटो बघता येतात. नवीन सॉफ्टवेअर टाकायला गेलं की मात्र पासवर्ड मागणारी चौकट समोर येते. काही घरांत हेच उलटं असतं, आईबाबांनी मुलांच्या खात्याला लगाम घातलेला असतो. अशा मशीनवर फाइलींचा बॅकअप कशाने घ्यायचा असं विचारलं की ओळखीतला कोणीतरी जाणकार हमखास सांगतो, "खातं अ‍ॅडमिन करून टाका, मग काहीही टाकता येईल."

तसं करू नका. साध्या खात्यातून एखादा खोडसाळ प्रोग्राम चालला तरी त्याचे हात त्या खात्यापुरतेच पोचतात. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, आत शिरल्यावर बहुतेक वेळा आधी विंडोजने आपणहून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसतात, आणि त्या पुसायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो. 'स्टॉप' ऊर्फ 'डीजेव्हीयू' नावाच्या रॅन्समवेअरने घरगुती कॉम्प्युटरवाल्यांना वर्षानुवर्षं छळलं. तो पसरला मुख्यतः क्रॅक केलेल्या फुकट सॉफ्टवेअरमधून. म्हणजे "काहीही टाकता येईल" या सोयीतूनच. तुमच्या कागदपत्रांच्या फाइली साध्या खात्यातूनही कुलूपबंद होऊ शकतात, हे खरं. म्हणून तर बॅकअप हवा. पण बॅकअपच्या निमित्ताने घराची कडीच काढून ठेवायची, हा शहाणपणा नव्हे.

तेव्हा बंधन आहे तसं ठेवायचं आणि त्यात चालेल असं सॉफ्टवेअर निवडायचं. निवडताना लोक विचारतात की फुकट आहे का, आपोआप चालतं का, क्लाउडवर जातं का. मी यातलं काहीच आधी विचारणार नाही. माझा पहिला प्रश्न असा: उद्या हे मशीन बंद पडलं, तर शेजाऱ्याच्या लॅपटॉपला हार्ड डिस्क जोडून माझी फाइल मला उघडता येईल का? ते सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपवर नसताना?

बॅकअपचे प्रोग्राम ढोबळमानाने दोन जातीचे. एक जात फाइली जशाच्या तशा दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवते. डिस्क उघडलीत की तुमचे फोल्डर दिसतात, नावं तीच, आतला मजकूर तोच. दुसरी जात सगळ्या फाइलींचे तुकडे करून, दाबून, बहुधा सांकेतिक करून स्वतःच्या पेटाऱ्यात भरते. रेस्टिक, कोपिया, डुप्लिकाटी ही या दुसऱ्या जातीची नावं. प्रोग्राम उत्तम आहेत, जागा वाचवतात, जुन्या आवृत्त्या सांभाळतात, आणि रेस्टिक तर इन्स्टॉलही करावा लागत नाही, एकच फाइल असते, ती साध्या खात्यातूनही चालते. पण पेटारा उघडायला तोच प्रोग्राम लागतो आणि त्याचा पासवर्ड लागतो. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बनवणाऱ्यांनाही तो पेटारा उघडून देता येत नाही. रेस्टिक तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचा. निवृत्त मास्तरांच्या घरी हे कोण करणार?

पेटाऱ्याचा धोका कल्पनेतला नाही. विंडोज एक्सपीमध्ये मायक्रोसॉफ्टचाच बॅकअप प्रोग्राम होता, त्याच्या फाइली 'बीकेएफ' प्रकारच्या. पुढे व्हिस्टा आलं आणि त्यात हा प्रोग्रामच नव्हता. जुने बॅकअप उघडायला वेगळं साधन शोधून उतरवून घ्यावं लागलं. क्रॅशप्लॅन ही बॅकअप सेवा चालवणाऱ्या कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीची सेवा बंद करत असल्याचं 2017 साली जाहीर केलं आणि 2018 मध्ये ती बंद झालीही. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती घराघरांत चालायची, तिचे सुरक्षा अपडेट 1 जानेवारी 2024 ला थांबले. कंपन्यांना नावं ठेवायचं कारण नाही, धंदा आहे, बदलतो. आपल्या लग्नाचे फोटो मात्र त्या धंद्याच्या आयुष्याला बांधून ठेवायचे नसतात. म्हणून घरासाठी माझा कौल पहिल्या जातीला, फाइल ही फाइलच राहू देणाऱ्या प्रोग्रामला.

त्यातला सर्वांत जवळचा विंडोजमध्येच असतो. नाव फाइल हिस्टरी, 2012 साली विंडोज 8 बरोबर आला, विंडोज 11 मध्येही आहे. फक्त आता तो सेटिंग्जमधून गायब करून कंट्रोल पॅनेलमध्ये नेऊन ठेवलाय, त्यामुळे शोधावा लागतो. बाहेरची हार्ड डिस्क जोडायची आणि तो सुरू करायचा. आपण वेळ बदलली नाही तर दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेतो. जुनी प्रत पुसत नाही, फाइलच्या नावापुढे तारीख आणि वेळ जोडून नवी ठेवतो. त्यामुळे मंगळवारी बिघडवलेला हिशेब सोमवारच्या प्रतीतून परत मिळतो, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला डिस्क लावली तरी फाइल नेहमीसारखी उघडते. मधे काही दिवस डिस्क काढून ठेवली तरी बिघडत नाही, परत जोडली की पुढे सुरू. एका मशीनवर घरच्या चौघांची चार खाती असतील तर ज्याने त्याने आपापल्या खात्यातून सुरू करायला हवं. बाबांनी सुरू केलं म्हणून आईच्या फाइलींची प्रत होत नाही.

पण इथे आपल्याकडच्या सवयीमुळे एक मोठा घोळ होतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलांनी आपल्याला वर्षानुवर्षं शिकवलंय की महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवा, सी फॉरमॅट मारावा लागला तरी डी राहतो. फॉरमॅटपुरतं ते बरोबर होतं. पण बहुतेक घरगुती मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात. 'डी'मध्ये कॉपी करून ठेवलंय म्हणजे बॅकअप झाला, ही समजूत मला अजून शिकल्यासवरल्या लोकांत दिसते. त्यात भर अशी की फाइल हिस्टरी आपणहून पाहते ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागांकडे. 'डी'मधला तुमचा 'घरचे कागद' नावाचा फोल्डर तिच्या गावीही नसतो. त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून तो लायब्ररीत समाविष्ट करावा लागतो, मगच त्याची प्रत होते. विंडोज 11 मध्ये हा पर्याय 'आणखी पर्याय दाखवा' या ओळीखाली दडलाय. हे न करता सहा महिने बॅकअप चालू ठेवून समाधानात राहणारे बरेच असतील.

टॅली वापरणाऱ्या दुकानदारांनी आणि सोसायटीच्या खजिनदारांनीही तपासावं. टॅलीचा डेटा पुष्कळदा डॉक्युमेंट्समध्ये नसतोच, वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. तो कुठे आहे ते टॅलीतच दिसतं, टॅलीची स्वतःची बॅकअपची सोयही आहे, ती वापरा. आणि बॅकअपच्या वेळी टॅली बंद ठेवा. उघड्या फाइलची नीट प्रत घ्यायची विंडोजची जी युक्ती आहे तिला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, साध्या खात्यातून चालणारा प्रोग्राम तिथे अडतो किंवा ती फाइल गपचूप सोडून देतो. आउटलुकमध्ये मेल साठवणाऱ्यांनाही हेच लागू. उपाय सोपा आहे: आधी प्रोग्राम बंद, मग बॅकअप.

फाइल हिस्टरी ज्यांना गुंतागुंतीची वाटते त्यांच्यासाठी फ्रीफाइलसिंक आहे. डावीकडे आपला फोल्डर, उजवीकडे डिस्कवरचा, मधे काय काय बदललंय ते दिसतं, मग बटण. इन्स्टॉल न करता चालणारी त्याची आवृत्ती देणगी देणाऱ्यांना मिळते, नेहमीची टाकायची असेल तर मुलाला एकदा अ‍ॅडमिनचा पासवर्ड घालावा लागेल. त्यात पद्धत निवडताना 'मिरर' निवडू नका, 'अपडेट' निवडा. मिरर म्हणजे आरसा: इकडे चुकून फोल्डर पुसला गेला तर पुढच्या वेळी तिकडचाही पुसला जातो. अपडेटमध्ये तिकडची प्रत राहते. जुन्या आवृत्त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची सोयही त्यात आहे, ती चालू करा, नाहीतर बिघडलेली फाइल चांगल्या फाइलवर जाऊन बसेल.

तिसरा पर्याय रोबोकॉपी, फाइली कॉपी करणारा प्रोग्राम. व्हिस्टापासून तो विंडोजमध्येच असतो, अ‍ॅडमिन लागत नाही, आपल्याच फाइलींची कॉपी असल्याने कोणी अडवत नाही. लांब राहणाऱ्या मुलाने दोन ओळींची फाइल लिहून डेस्कटॉपवर ठेवली की आईबाबांनी डिस्क जोडून तिच्यावर दोनदा क्लिक करायचं, एवढंच काम. मात्र आज 'ई' असलेली डिस्क उद्या 'एफ' होऊ शकते, त्याची तजवीज त्या फाइलीत करा, आणि इथेही आरशाची आज्ञा टाळा. इंटरनेटवर सापडणाऱ्या तयार नमुन्यांत ती सर्रास असते.

काही स्वस्त लॅपटॉप 'एस मोड'मध्ये येतात. तिथे मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच अ‍ॅप चालतात, बाकी काही टाकता येत नाही. त्यातून फुकट बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही. केवळ बॅकअपसाठी बाहेर पडू नका. डिस्क जोडून फोल्डर उचलून तिकडे टाकणं एस मोडमध्येही चालतं. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपबद्दल एकच सांगतो: घरचे कागद आणि फोटो त्यावर ठेवूच नका. पेनड्राइव्ह बंद केलेला असतो तो ऑफिसने विचार करूनच, त्यातून वाट काढायला जाऊन नोकरी अडचणीत आणू नये.

आता क्लाउड. हल्ली विंडोज स्वतःच विचारतं, तुमचे फोल्डर वनड्राइव्हवर ठेवू का? हो म्हटलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तिकडे जायला लागतात. फुकट जागा 5 जीबी, फोटोंच्या दोन फोल्डरांत संपते, आणि मग 'जागा भरली' अशा सूचनांचा ससेमिरा. गूगलकडे 15 जीबी मिळतात, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे वाटेकरी. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद आहे. जागेपेक्षाही मुद्दा असा की हा बॅकअप नव्हे, सिंक आहे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, कचरापेटीतून परत आणायला साधारण 30 दिवस मिळतात. वर्षातून एकदाच उघडायची वडिलांच्या इच्छापत्राची फाइल जानेवारीत चुकून पुसली आणि लक्षात आलं जूनमध्ये, तर काय करणार? नोव्हेंबर 2023 मध्ये गूगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामातल्या दोषामुळे काही लोकांच्या महिनोन्‌महिन्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या होत्या. क्लाउड वापरा, पण एकमेव प्रत म्हणून नको.

वेगाचंही गणित करून बघा. अपलोडचा वेग सेकंदाला 10 मेगाबिट असेल, तर 100 जीबी चढवायला 22 तासांहून जास्त लागतात, तेही लाइट न जाता आणि नेट न तुटता. तालुक्याच्या गावी हे किती जमेल ते तुम्हीच ठरवा. क्लाउडवर थोडंच चढवा, जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही तेवढंच. आधार, पॅन, वाहन परवाना डिजिलॉकरमधून परत उतरवता येतात. सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावरून मिळतो. सिनेमे आणि सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइली यांची तर अजिबात काळजी नको. आजोबांनी लिहिलेली वंशावळ, स्कॅन केलेली पत्रं, मुलांचे लहानपणचे फोटो, सोसायटीचे दहा वर्षांचे ठराव, याला दुसरी प्रत कुठेच नसते. त्याचा आकार मोजलात तर बहुतेक घरांत अपेक्षेपेक्षा लहान निघतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक चाचणी घ्यावी. फाइलचं नाव मराठीत असू द्या, 'भाऊसाहेबांचे मृत्युपत्र' असं जोडाक्षरांचं, आणि ती बॅकअपमध्ये टाकून परत काढा. झिप करणारे काही जुने प्रोग्राम देवनागरी नावांचा पार चुराडा करतात. ज्यांचं जुनं लेखन श्रीलिपी किंवा आयएसएममधलं आहे, म्हणजे छापखान्याचे, दिवाळी अंकांचे, स्मरणिकांचे काम केलेले लोक, त्यांनी फाइलींबरोबर तो फॉन्टही डिस्कवर ठेवायला हवा. फॉन्ट फाइलीत नसतो, विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये असतो. नव्या मशीनवर फाइल उघडेल, पण दिसेल ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांगोळी. जमलं तर या फाइलींची पीडीएफही करून ठेवा.

काही जण म्हणतात, सुट्या फाइली कशाला, अख्ख्या मशीनचीच प्रत काढू. तिला इमेज म्हणतात, आणि ती काढायला व परत बसवायला अ‍ॅडमिन लागतोच. शिवाय विंडोज 10 चं नेहमीचं अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं आहे आणि कितीतरी जुनी मशीनं 11 साठी पात्र नाहीत. उद्या फाइली परत आणायच्या त्या बहुधा वेगळ्याच, नव्या मशीनवर. तिथे जुन्या विंडोजची इमेज घेऊन काय करायचं? फाइली सांभाळा, विंडोज पुन्हा टाकता येतं. लिनक्स मिंट वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की त्यातला टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतो, तुमचे घरचे फोल्डर तो मुळात धरतच नाही.

डिस्क विकत घेताना फसू नका. हजाराच्या आत 2 टीबीचा पेनड्राइव्ह देणारा माणूस दानशूर नसतो. असले पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतात, भरत जाता आणि पहिल्या काही जीबींनंतरचं सगळं हवेत. ओळखीच्या दुकानातून, बिलासह, नेहमीच्या कंपनीची हार्ड डिस्क घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तरी बिल मागा. नवी डिस्क जोडली की ती कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे ते बघा. 'फॅट32' असेल तर 4 जीबीहून मोठी एकही फाइल त्यावर जाणार नाही, लग्नाच्या व्हिडिओपाशीच गाडी अडेल. 'एनटीएफएस' किंवा 'एक्सफॅट' हवी.

अशा दोन डिस्क असतील तर उत्तम. एक घरात, पण बॅकअप झाला की काढून कपाटात, कारण सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत मशीनबरोबरच सापडते. दुसरी बहिणीकडे, भावाकडे, दुसऱ्या पेठेत किंवा दुसऱ्या गावात. सांगलीने 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि चिपळूणने 2021 च्या जुलैमध्ये जो महापूर पाहिला, त्यानंतर मूळ फाइल आणि तिची प्रत एकाच तळमजल्यावर का ठेवू नये हे कोकणात नि कृष्णाकाठी कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. बाहेर राहणारी डिस्क सांकेतिक केली असेल तर तिचा पासवर्ड कागदावर लिहून विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. नव्या विंडोज 11 लॅपटॉपची आतली डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची 48 अंकी किल्ली ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन पहिल्यांदा सुरू केलं त्याच्या खात्यात जाते. म्हणजे बहुधा मुलाच्या. ती किल्लीही त्याच कागदावर हवी.

आणि परत काढून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाच पुसला गेला. कंपनीकडे प्रती राखण्याचे पाच मार्ग होते, ऐन वेळी त्यातला एकही भरवशाने चालत नव्हता. बॅकअप फसल्याचे ईमेलही पोचत नव्हते, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती, तिने लाज राखली. ज्यांचा धंदाच सॉफ्टवेअर आहे त्यांची ही गत, तर आपण कोपऱ्यातल्या हिरव्या बरोबरच्या खुणेवर विसंबून राहायचं कारण नाही.

शेवटचं सांगणं पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्या मुला-मुलींना. आईबाबांना फोनवरून "ते अमुक डाउनलोड करा, मग नेक्स्ट नेक्स्ट करा" असं सांगत बसू नका, त्यातून बॅकअपऐवजी भलतंच काहीतरी मशीनवर येतं. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा दोन हार्ड डिस्क घेऊन जा. 'डी'मध्ये काय आहे ते त्यांच्या शेजारी बसून बघा, फाइल हिस्टरी त्यांच्या खात्यातून लावून द्या, किल्ली आणि पासवर्ड कागदावर उतरवा. मग डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडा आणि आईला तिच्या आवडीचा एक जुना फोटो त्यातून शोधायला सांगा. तो तिचा तिला सापडला, तर सॉफ्टवेअर बरोबर निवडलंत. नाही सापडला, तर परत निघायच्या आधी दुसरं लावून द्या.